बोटावरचे यंत्र आणि बंद पडलेले हृदय

सन २०२० साली करोनाची साथ आली. तेव्हा आशाताई घरोघर आल्या. चिमट्यासारखे एक लहान यंत्र त्यांनी आपल्या बोटाला लावले. त्यावर ९७, ९८ असे आकडे दिसत. त्याला ऑक्सिमीटर म्हणतात. रक्तात प्राणवायू किती आहे, ते त्यावरून कळते. पुढे आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये कित्येकांनी हे यंत्र विकत आणले. आम्हीही आणले. यंत्र घरात आहे, आता भीती नाही, असे आम्हाला वाटे.

एके दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर चार माणसे बोलत बसली होती. त्यांतले एक गृहस्थ एकाएकी कलंडले. हाक मारली, ओ नाही. छाती हलेना. मधूनच एखादा आचका येई. कोणी कांदा फोडून नाकाला लावला. कोणी पाणी आणले. आम्ही शहाणे! घरात जाऊन यंत्र शोधू लागलो. ते बोटाला लावले, तर आकडा उमटेना. नुसत्या रेघा. “मास्तर, सेल संपले असतील,” कोणीतरी म्हणाले. सेल बदलले. पुन्हा रेघाच. यात पाच मिनिटे तरी गेली. गाडी आली, पण ते गृहस्थ गेले. छाती दाबली असती तर ते वाचलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. पण ती पाच मिनिटे आम्ही घालवली, हे खरे.

यंत्र बिघडले नव्हते. ते कसे चालते, पाहा. त्यातून दोन प्रकाश बोटात जातात. एक तांबडा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा. प्राणवायू असलेले रक्त आणि नसलेले रक्त हे प्रकाश कमीजास्त शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्ताची लाट येते. त्या लाटेवरून यंत्र हिशेब करते. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. आता हृदयच थांबले, तर ठोका नाही. ठोका नाही, तर लाट नाही. मग यंत्र मोजणार काय? कधी कधी तर ते भलताच आकडा दाखवते.

विहिरीत पाणी आहे, पण मोटार बंद पडली. मग शेताला पाणी मिळेल काय? तसेच हे आहे. माणूस नुकताच पडला, तर त्याच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतो. पण तो मेंदूला पोचत नाही. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणून मोटारीचे काम आपल्या हातांनी करायचे.

माणूस ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, नुसते आचके देतो. अशा वेळी एकाने १०८ ला फोन लावावा. पैसे पडत नाहीत. दुसऱ्याने रोग्याला टणक जमिनीवर उताणे निजवावे. बाजेवर नको, बाज दबते. छातीच्या मधोमध, हाडावर, मनगटाजवळचा तळवा ठेवावा. त्यावर दुसरा हात. कोपरे ताठ. दोन इंच खाली दाबावे आणि छाती पुरी वर येऊ द्यावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमछाक होते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. बरगडी कडकली तरी थांबू नये. कांदा नको, तोंडात पाणी तर मुळीच नको. विहिरीत बुडालेल्याला आणि लहान मुलाला मात्र तोंडाने श्वासही द्यावा लागतो. तो जाणत्याकडून शिकून घ्यावा.

१९६० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी तिघा संशोधकांनी ही छाती दाबण्याची रीत जगापुढे ठेवली. आज मोठ्या इस्पितळांतही हीच रीत चालते.

मग डॉक्टर अशा वेळी प्राणवायू मोजतात कसा? काही मोठ्या इस्पितळांत कपाळावर एक पट्टी चिकटवतात. मेंदूतल्या रक्तात प्राणवायू किती, ते ती प्रकाशानेच सांगते. तिला ठोका लागत नाही. छाती दाबता दाबता तो आकडा चढू लागला, तर चांगले लक्षण समजतात. श्वासनळीत नळी घातली असेल, तर बाहेर येणारा कर्बवायूही मोजतात. तो एकदम वाढला, तर हृदय चालू झाले असावे, अशी खूण पटते.

हृदय चालू होईपर्यंत डॉक्टर भरपूर प्राणवायू देतात. ते चालू झाले, नाडी लागली, की बोटावरच्या यंत्राला पुन्हा आकडा सापडतो. मग तो साधारण ९४ ते ९८ राहील, इतपतच प्राणवायू ठेवतात. जास्तीचा प्राणवायूही मेंदूला बाधू शकतो.