तोफांच्या धुरातील चित्रकार

इ. स. १६५३ च्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. हॉलंडच्या किनाऱ्याजवळ डच व इंग्रज यांची आरमारे एकमेकांस भिडली होती. तोफांच्या गडगडाटाने दिशा दुमदुमत होत्या. डोलकाठ्या कडाडून मोडत होत्या. शिडांच्या चिंध्या झाल्या होत्या. अशा त्या रणधुमाळीत एका लहानशा गलबतात बसून एक डच गृहस्थ कागदावर भराभर रेघा ओढीत होता. त्याच्या हाती ना तलवार होती, ना बंदूक!

त्याचे नाव विलेम व्हान डे व्हेल्डे. त्याचा जन्म १६११ साली लायडन शहरी झाला. त्या काळी छायाचित्रणाची कला नव्हती. ऐकीव हकीकतीवरून घरबसल्या चित्र रंगविणे त्यास सोपे होते. परंतु शक्य तेथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून चित्र काढावयाचे, अशी त्याची रीत होती. कोणते जहाज कोठे होते, कोणाची डोलकाठी मोडली, हे तो लढाई चालू असतानाच टिपून घेई. मग घरी परतल्यावर पांढऱ्या फळीवर किंवा कापडावर शाई व लेखणी यांनी तो मोठे चित्र सिद्ध करी. दोरखंडाचा एकेक पेडही त्यात दिसे.

त्या लढाईत डचांचा थोर सेनापती ट्रॉम्प गोळी लागून पडला. १६५७ साली विलेमने या लढाईचे चित्र पुरे केले, तेव्हा त्यात लहान गलबतात बसून रेखाटने करणारा स्वतःही दाखविला. जणू तो सांगत होता, 'मी येथे हजर होतो.' पुढे १६६६ साली चार दिवस चाललेल्या घनघोर युद्धातही तो डच आरमाराबरोबर होता.

१६७२ साली हॉलंडवर परचक्र आले. चित्रांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा विलेम व त्याच नावाचा त्याचा पुत्र इंग्लंडला गेले. काल ज्या शत्रूची जहाजे चितारली, त्याच्याच राजाच्या पदरी आता ते राहिले! १६७४ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने प्रत्येकास वर्षाला १०० पौंड वेतन ठरवून दिले. पित्याने सागरी युद्धांची रेखाटने करावी आणि पुत्राने ती रंगवावी, अशी कामाची वाटणी होती.

ती जहाजे केव्हाच नाहीशी झाली. परंतु या पितापुत्रांची शेकडो रेखाटने ग्रीनिच येथील संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहेत. तीनशे वर्षांपूर्वीचे जहाज कसे होते, हे जाणू पाहणारे अभ्यासक त्यांचाच आधार घेतात. धन्याचा ध्वज बदलला, पण रेघेचा खरेपणा बदलला नाही.