शिपायापासून आयुक्तांपर्यंत

[खाकी वर्दीतील माणसे आपण रोज पाहतो. त्यांच्यातील कोण शिपाई, कोण निरीक्षक, कोण आयुक्त हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही. पोलीस दलातील अधिकारी कोणकोणत्या पायऱ्या चढून वर जातात आणि त्यांच्या हाती कोणते अधिकार येतात, याची माहिती मावळच्या परिसरातील उदाहरणांनी या पाठात दिली आहे.]

लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघाले, की कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव आणि देहूरोड अशी गावे एकामागून एक लागतात. रस्ता एकच. पण पोलिसांचा कारभार मात्र दोन प्रकारचा आहे. लोणावळा, कामशेत आणि वडगाव मावळ येथील पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलीस दलात येतात. त्या दलाचे प्रमुख पोलीस अधीक्षक असतात. तळेगाव दाभाडे आणि देहूरोड येथील ठाणी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतात. त्याचे प्रमुख पोलीस आयुक्त असतात.

असे का झाले? शहर वाढले, कारखाने आले, वस्ती दाट झाली, की तेथे शांतता राखण्यासाठी निर्णय झटपट घ्यावे लागतात. म्हणून मोठ्या शहरांसाठी आयुक्तालये स्थापन होतात. मुंबईला १८६४ साली फ्रँक सूटर हे पहिले पोलीस आयुक्त लाभले. पुण्यात १९६५ साली आयुक्तालय सुरू झाले. पुढे पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकण ही औद्योगिक ठिकाणे वाढली. तेव्हा पुणे शहर आणि पुणे ग्रामीण या दोन्ही दलांतील काही ठाणी एकत्र करून १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झाले. आर. के. पद्मनाभन हे तेथील पहिले आयुक्त होते.

अधीक्षक आणि आयुक्त यांच्या अधिकारांतील फरक एका उदाहरणाने समजेल. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. सारा जिल्हा हळहळला. त्यानंतर धोक्याच्या ठिकाणी पाण्यात उतरण्यास मनाई करणारे आदेश निघाले. ते आदेश पोलीस अधीक्षकांनी काढले नाहीत. पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी काढले. कारण ग्रामीण भागात असे मनाई आदेश काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. पोलीस त्यांची अंमलबजावणी करतात. आयुक्तालयाच्या हद्दीत मात्र असे आदेश पोलीस आयुक्त स्वतःच काढू शकतात. म्हणजे आयुक्तांच्या हाती दंडाधिकाऱ्याचेही काही अधिकार असतात. इतका मोठा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा, तो अधिकारी अनुभवाने तयार झालेला असावा लागतो.

पोलीस दलात शिरण्याच्या चार मुख्य वाटा आहेत. पहिली वाट शिपायाची. बारावी उत्तीर्ण झालेल्या तरुण-तरुणींना शारीरिक चाचणी आणि लेखी परीक्षा देऊन पोलीस शिपाई होता येते. निवड झालेल्यांना प्रशिक्षण केंद्रात पाठवतात. असे एक केंद्र लोणावळ्याशेजारी खंडाळ्याला आहे. शिपायाला पुढे हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक होता येते. खात्याची परीक्षा देऊन उपनिरीक्षक होण्याचीही संधी त्याला मिळते.

दुसरी वाट उपनिरीक्षकाची. पदवीधरांना महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून पोलीस उपनिरीक्षक होता येते. जुनी माणसे यालाच फौजदार म्हणतात. त्याच्या खांद्यावर दोन तारे असतात. त्याचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. ही संस्था १९०६ साली पुण्याजवळच्या भांबुर्डे येथे सुरू झाली आणि १९०९ साली नाशिकला गेली. उपनिरीक्षक पुढे सहायक निरीक्षक आणि मग निरीक्षक होतो. मोठ्या पोलीस ठाण्याचा प्रमुख बहुधा निरीक्षक असतो.

तिसरी वाट उपअधीक्षकाची. तीही राज्याच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते. शहरात याच दर्जाच्या अधिकाऱ्याला सहायक पोलीस आयुक्त म्हणतात. चांगली सेवा बजावणाऱ्या उपअधीक्षकांना पुढे भारतीय पोलीस सेवेतही घेतले जाते.

चौथी वाट भारतीय पोलीस सेवेची. पदवीनंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. ती भारतातील अत्यंत कठीण परीक्षांपैकी एक आहे. निवड झालेल्या उमेदवारांचे प्रशिक्षण हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत होते. ही अकादमी १९४८ साली राजस्थानातील माउंट अबू येथे सुरू झाली आणि १९७५ साली हैदराबादला आली. प्रशिक्षण संपले, की थेट शहराचे आयुक्तपद मिळत नाही. अधिकाऱ्याला आधी एखाद्या उपविभागात सहायक पोलीस अधीक्षक म्हणून काम करावे लागते.

लोणावळा हा असाच एक उपविभाग आहे. येथे पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. घाटात वाहने अडकतात. गड-किल्ल्यांवर वाट चुकलेल्यांना शोधावे लागते. नव्या अधिकाऱ्याला येथे पुष्कळ शिकायला मिळते. २०१७ च्या तुकडीतील नवनीत काँवत यांनी लोणावळ्यात सहायक पोलीस अधीक्षक म्हणून काम केले. नंतर ते उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात अपर पोलीस अधीक्षक होते. पुढे छत्रपती संभाजीनगर शहरात ते उपायुक्त झाले. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. उपविभाग, जिल्हा, शहर आणि पुन्हा जिल्हा असा हा प्रवास आहे. अधिकाऱ्याला गाव आणि शहर दोन्ही समजावे, म्हणून अशा बदल्या होतात.

जिल्ह्यातील अधीक्षक आणि शहरातील उपायुक्त हे एकाच दर्जाचे असतात. साधारणपणे चौदा वर्षांच्या सेवेनंतर अधिकारी उपमहानिरीक्षक होण्यास पात्र ठरतो. शहरात त्याला अपर आयुक्त म्हणतात. अठरा वर्षांनंतर महानिरीक्षक आणि पंचवीस वर्षांनंतर अपर महासंचालक होता येते. मोठ्या शहराचे आयुक्त बहुधा याच दोन दर्जांचे असतात. राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुखपद पोलीस महासंचालकांचे असते. रश्मी शुक्ला २०१६ ते २०१८ या काळात पुण्याच्या पोलीस आयुक्त होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्या महाराष्ट्राच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. अहमद जावेद २०१५ साली मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी सौदी अरेबियात भारताचे राजदूत म्हणून काम केले.

या वाटेवर श्रीमंतांचीच मुले चालतात असे नाही. सदानंद दाते यांचे बालपण पुण्यात गरिबीत गेले. ते घरोघर वर्तमानपत्रे टाकत आणि शिकत. ते १९९० च्या तुकडीतून भारतीय पोलीस सेवेत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. तेव्हा ते अपर आयुक्त होते. मोजक्या सहकाऱ्यांसह ते कामा रुग्णालयात शिरले. त्यांचे काही सहकारी धारातीर्थी पडले. दाते स्वतः हातबाँबच्या स्फोटात जखमी झाले. तरीही त्यांनी जागा सोडली नाही. २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा पहिले आयुक्त म्हणून त्यांचीच निवड झाली. २०२४ साली ते राष्ट्रीय तपास यंत्रणेचे महासंचालक झाले.

मात्र खांद्यावरचे तारे वाढले म्हणजे काम संपले असे नाही. गरीब माणसाची तक्रार ठाण्यात ऐकली जाते का, हा खरा प्रश्न आहे. मे २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडचे आयुक्त कृष्ण प्रकाश यांनी एक वेगळा प्रयोग केला. त्यांनी खोटी दाढी लावून पठाणाचा वेश घेतला. सहायक आयुक्त प्रेरणा कट्टे त्यांच्या पत्नीच्या वेशात निघाल्या. रात्रीच्या वेळी ते दोघे तक्रारदार म्हणून आपल्याच पोलिसांकडे गेले. दोन ठिकाणी त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले; एका ठिकाणी मात्र टाळाटाळ झाली. आयुक्तांच्या दालनात बसून जे कळले नसते, ते सामान्य माणसाच्या वेशात कळले.

आपणही आपला हक्क ओळखला पाहिजे. वडगावच्या माणसाचा खिसा तळेगावात कापला गेला, तर त्याने कोणत्या ठाण्यात जावे? दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. तेथे ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. हद्द पाहणे हे पोलिसांचे काम आहे. तक्रारदाराने त्यासाठी हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

तुम्ही उर्दू शाळेत शिकता. शिपाई, हवालदार, फौजदार, फिर्याद, गुन्हा, जामीन, कैदी हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीत शेकडो वर्षे नांदत आहेत. पोलीस ठाण्याची भाषा तुम्हाला परकी नाही. मग ते ठाणे तरी परके का वाटावे? ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त, असा त्याचा अर्थ आहे. हे ब्रीद खरे करणारे अधिकारी आज तुमच्याच बाकांवर बसलेले असतील.

शब्दार्थ

हद्द – सीमा. मनाई – बंदी. अंमलबजावणी करणे – आदेश प्रत्यक्षात आणणे. दंडाधिकारी – कायद्याने आदेश देण्याचा अधिकार असलेला अधिकारी. झुंबड उडणे – खूप गर्दी होणे. धारातीर्थी पडणे – लढताना मरण येणे. टाळाटाळ – काम पुढे ढकलणे. दखलपात्र गुन्हा – ज्याचा तपास पोलीस स्वतःहून सुरू करू शकतात असा गुन्हा. हेलपाटे घालणे – पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणे. ब्रीद – आयुष्यभर पाळायचे वचन.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिंपरी-चिंचवड आयुक्तालय केव्हा सुरू झाले?
(आ) उपनिरीक्षकांचे प्रशिक्षण कोठे होते?
(इ) महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद कोणते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पोलीस अधीक्षक आणि पोलीस आयुक्त यांच्या अधिकारांत कोणता फरक आहे?
(आ) आयुक्तांनी वेशांतर का केले असावे?

३. वाक्यात उपयोग करा.
झुंबड उडणे, हेलपाटे घालणे, धारातीर्थी पडणे.

४. पाठात आलेले फारसी-अरबी शब्द शोधा. उर्दूत त्यांचा अर्थ तोच आहे की थोडा वेगळा, ते सांगा.

५. तुमची सायकल चोरीला गेली आहे, असे समजून जवळच्या पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांना तक्रार-अर्ज लिहा.