महापालिकेचे दार आणि नागरिक

लोकशाहीची पहिली ओळख माणसाला आपल्या गल्लीतील नळावर आणि गटारापाशी होते. पाणी, रस्ता, दिवाबत्ती यांचा निर्णय दिल्लीत होत नाही. तो नगरपालिकेत होतो. म्हणून तिचे दार सामान्य माणसाला कितपत उघडे आहे, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या परीक्षेपुरता राहत नाही.

या दाराचा इतिहास जुना आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पण ते सरकारनियुक्त. पुढे लोकांना सभासद निवडण्याचा हक्क मिळाला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना घटनात्मक स्थान दिले, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले आणि तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या.

निवडण्याच्या हक्कामागून जाणण्याचा हक्क आला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला, की सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद पाहता येतात, टिपणे घेता येतात. इतकेच काय, रस्त्याला वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. कलम ४ प्रमाणे तर बरीचशी माहिती कोणी न मागताच जाहीर करावयाची असते.

२०१८ साली राज्य शासनाने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात स्थानिक संस्थांतील अभिलेख नागरिकांना पाहू द्यावेत, असे परिपत्रक काढले. पुण्यात ही प्रथा आधीच सुरू झाली होती. पाऊल स्तुत्य खरे. परंतु रोजावर काम करणारी बाई खाडा केल्यावाचून सोमवारी तीन वाजता कशी येणार? आणि आलीच, तर निविदेची भाषा तिला कोण उलगडून सांगणार? खुलेपणा आणि सुगमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या येथे.

मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे महापालिकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता. अशा वेळी नागरिकाच्या हाती उरतो तो त्याचा अर्ज.

मित्रहो, अर्ज लिहिणे, अंदाजपत्रक वाचणे ही कामे आपल्याला जमण्यासारखी आहेत. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग शेजारच्या वस्तीला व्हावा. दार उघडे असून भागत नाही. उंबरठा ओलांडणारे पाऊलही लागते.