सरावातला गोल किती मोजायचा?

कोल्हापूरहून किंवा गोव्याहून आलेला फुटबॉलवेडा माणूस कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरला, की दिल्लीत त्याला बोलायला सोबती मिळतातच. मंडी हाउसहून व्हायोलेट लाइनची मेट्रो धरली तर दुसरे स्थानक दिल्ली गेट, आणि आंबेडकर स्टेडियम तिथून जवळच. १८८८ मध्ये शिमल्यात सुरू झालेला ड्युरंड चषक १९४० मध्ये या शहरात आला. २०१९ मध्ये तो कोलकात्याला गेला, तरी इथली फुटबॉलची चर्चा काही थांबली नाही. मोसमाआधी दोन क्लब एकत्र सराव करतात, तेव्हा कोण चमकला आणि कोण फसला याचे निवाडे लगेच सुरू होतात. देशात-परदेशात स्थिरावलेल्या मराठी घरांचे नवागतांना सांगणे असे, की या चर्चेत मनापासून सामील व्हा, पण सरावातल्या गोलावरून खेळाडू तोलू नका.

असा सराव जिंकण्यासाठी आखलेला नसतोच. किती खेळाडू बदलायचे, किती मिनिटे खेळायचे, हे दोन्ही प्रशिक्षक आपसात ठरवतात. पायांत शिबिराचा शीण असतो, दुखापतीच्या धास्तीने टॅकल हात राखून होतात, बचावफळी नवी रचना घोटवत असते. मग झालेला गोल आघाडीवीराच्या हुकमतीचा की समोरच्या विस्कळीतपणाचा, हे नुसत्या आकड्यावरून कसे कळणार? ड्युरंड तर चषकासाठीची खरी स्पर्धा. तरी २०२१ मध्ये ती जिंकलेला एफसी गोवा त्याच मोसमाच्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) नववा आला, आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूकडून १-२ असा हरलेल्या मुंबई सिटीने पुढे लीग शील्ड पटकावली. मोसमाच्या तोंडावरची स्पर्धाही इतकी चकवते, तर सरावाच्या निकालावर किती भिस्त ठेवायची?

यावर कोणी अलाएद्दीन अजाराईचे नाव घेईल, आणि ते रास्तच आहे. नॉर्थईस्ट युनायटेडच्या या मोरोक्कन खेळाडूने २०२४ च्या ड्युरंड अंतिम सामन्यात मोहन बागानवर गोल केला आणि नंतर आयएसएलमध्ये २३ गोल करून गोल्डन बूट मिळवला. म्हणजे मोसमाआधी काहीच दिसत नाही, असे नव्हे. मात्र काय पाहायचे हे ठरवावे लागते. चेंडू पायाशी नसताना खेळाडू कुठे सरकतो, चेंडू गमावल्यावर लगेच मागे धावतो का, पाठीवर बचावपटू असताना पहिला स्पर्श कसा घेतो, या सवयी समोरच्याच्या ढिलाईवर फारशा अवलंबून नसतात. चाहत्याने गंमत म्हणून बोलावे, त्यात एवढा विचार कशाला, असाही प्रश्न येतो. तो मला पटत नाही. सराव सामन्यांत संधी मिळते ती बहुधा अकादमीतून नुकत्याच वर आलेल्या पोरांना, आणि एका चुकलेल्या पासवरून त्यांच्यावर मारलेला शिक्का पुढे मोसमभर चिकटून राहतो. म्हणून मत देण्याआधी विचारून घ्या: खेळाडू कितव्या मिनिटाला उतरला, नेहमीच्या जागी खेळला का, आणि समोर पहिला संघ होता की दुसरा?