फॉर्मॅटचा हुकूम

संगणकावर लिहिलेले साठवून ठेवायचे असले की आपण एका लहान चौकोनी चित्रावर टिचकी मारतो. ते चित्र फ्लॉपीचे आहे. खरी फ्लॉपी तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. साडेतीन इंचांचे प्लॅस्टिकचे चपटे आवरण आणि आत चुंबकीय लेप दिलेली पातळ, लवचीक चकती, एवढीच ती वस्तू. सोनी कंपनीने मार्च २०११ मध्ये जपानमधील तिची विक्री बंद केली. पण फ्लॉपी तयार करण्यासाठी जो फॉर्मॅट नावाचा हुकूम वापरत, तो आजच्या विंडोजमध्येही आहे. तो नेमके काय करतो?

तख्तीवर लिहिण्यापूर्वी रेघा आखतात, हे तुम्हांला माहीत आहे. कोऱ्या फ्लॉपीवरही आधी आखणी करावी लागे. तिच्या प्रत्येक बाजूवर एकात एक अशी ८० वर्तुळे आखली जात. प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे होत आणि एका तुकड्यात ५१२ बाइट, म्हणजे ५१२ इंग्रजी अक्षरे मावत. आता वही घ्या आणि गुणाकार करा. दोन्ही बाजूंची मिळून १६० वर्तुळे, त्यांचे २,८८० तुकडे आणि एकूण १४,७४,५६० बाइट. बाजारात हिलाच १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी म्हणत. हा आकडा मोठा गमतीचा आहे. तो काढताना आधी १०२४ ने भागले आहे आणि मग १००० ने! परीक्षेत तुम्ही असे केले, तर गुण मिळणार नाहीत.

ही सगळी जागा आपल्याला मिळत नसे. ३३ तुकडे संगणक स्वतःकडे ठेवी. त्यांतील बहुतेक तुकड्यांत अनुक्रमणिका असे. उर्दूत तिला तुम्ही फेहरिस्त म्हणता. कोणती फाइल कोणत्या तुकड्यात आहे, हे संगणकाला या अनुक्रमणिकेवरूनच कळते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

त्या काळी डॉस ही प्रणाली होती. काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत राही आणि आपण अक्षरे टंकून हुकूम द्यायचा. फॉर्मॅट हा शब्द, मग थोडी मोकळी जागा, मग ए हे अक्षर आणि त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे. एंटर दाबले की यंत्र घरघर करू लागे. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीच्या खणांची होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले. फ्लॉपीचे खण गेले, तरी विंडोजमध्ये ते सीच राहिले आहे.

हार्ड डिस्कचे काम याहून मोठे होते. लहान घरात लाकडी पार्टिशन घालून एका खोलीच्या दोन करतात, तसे आधी डिस्कचे भाग पाडावे लागत. त्यासाठी एफडिस्क हा हुकूम होता. तो १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आला. भागांची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात होई. तेथे नोंदीसाठी जागा फक्त ६४ बाइट आणि एका नोंदीला १६ बाइट. म्हणून नोंदी चारच! शिवाय १९९४ च्या डॉस ६.२२ मध्ये एक भाग २ गीगाबाइटपेक्षा मोठा करता येत नसे. भाग पाडून झाले की संगणक पुन्हा सुरू करायचा आणि प्रत्येक भाग वेगळा फॉर्मॅट करायचा.

येथे खरी जोखीम होती. ए आणि सी यांत फरक एका अक्षराचा, पण एकीकडे एक फ्लॉपी आणि दुसरीकडे कचेरीचे वर्षभराचे हिशेब. म्हणून सी लिहिले की डॉस आधी बजावत असे, या डिस्कवरील सर्व माहिती जाईल, पुढे जायचे का? उत्तरादाखल वाय किंवा एन दाबायचे. घाईत माणसे न वाचताच वाय दाबत.

मग माहिती खरोखर पुसली जाई का? डॉसमध्ये हार्ड डिस्क फॉर्मॅट केली, की जुनी अनुक्रमणिका जाई आणि नवी, कोरी अनुक्रमणिका लिहिली जाई. पुस्तकाची पाने मात्र जागेवरच राहत. त्यामुळेच १९९१ च्या डॉस ५ मध्ये अनफॉर्मॅट हा हुकूम देता आला. त्यावर नवे काही लिहिले नसेल, तर गेलेल्या फायली पुष्कळदा परत मिळत. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉर्मॅट करताना सगळीकडे शून्ये लिहिली जातात. झटपट फॉर्मॅट मात्र आजही फक्त अनुक्रमणिकाच बदलतो. तेव्हा घरच्या फोटोंचा पेनड्राइव्ह दुसऱ्याला द्यायचा असेल, तर झटपट फॉर्मॅट पुरेसा नाही.

एफडिस्कच्या जागी आता डिस्कपार्ट आहे. त्यात डिस्कना अक्षरे नसतात, शून्य, एक, दोन असे क्रमांक असतात. त्यातील क्लीन हा हुकूम निवडलेल्या डिस्कवरील सर्व भागांची नोंद काढून टाकतो आणि तो वाय की एन असे विचारतही नाही. म्हणून आधी यादी मागवा आणि क्रमांकापुढे लिहिलेले आकारमान वाचा. पेनड्राइव्ह ३२ गीगाबाइटचा असेल, तर त्याच्या ओळीत साधारण तेवढाच आकडा दिसला पाहिजे. ५०० च्या आसपासचा आकडा दिसला, तर ती बहुधा संगणकाची स्वतःची डिस्क आहे. हात तेथेच थांबवा.