पोटातले जंतू आणि म्हातारपणची आठवण

तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले जंतू पिकाला नत्र पुरवितात, हे आपण जाणतो. तसेच उपकारी जंतू आपल्या आतड्यातही असतात.

त्यांचा मेंदूशी काय संबंध? आतड्यापासून मेंदूपर्यंत एक लांब मज्जातंतू जातो. २०११ साली काही उंदरांना विशिष्ट जंतू दिले, तेव्हा त्यांचा भित्रेपणा कमी झाला. तो मज्जातंतू कापलेल्या उंदरांत मात्र हा गुण दिसला नाही. २०१६ साली इराणमध्ये अल्झायमर या विस्मरणाच्या रोगाचे ६० रोगी निवडले. निम्म्यांना १२ आठवडे रोज २०० मिलिलिटर जंतुयुक्त दूध दिले. त्यांच्या बुद्धीच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. पण प्रयोग लहान होता. त्याला आम्ही इलाज म्हणणार नाही.

मग घरी काय करावे?

१. जेवणात ताजे दही-ताक असावे. उकळलेल्या कढीत हे जंतू जगत नाहीत.

२. बुऱ्हाणपुरात केळी घरची. जरा कच्चट केळ्यातले काही पिष्ट न पचता खाली जाते व जंतूंचे खाद्य होते.

३. जंतुनाशक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्या चांगल्या जंतूंनाही मारतात.

४. घरातले वडीलधारे वाट चुकू लागले, तर ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये, ताकावरही विसंबू नये. थायरॉईडच्या दोषाने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो. तो वेळीच औषध दिल्यास सुधारू शकतो. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे.