थ्री नॉट थ्रीला दुर्बीण लावली की झाली स्नायपर?

प्रश्न : आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदारकाका म्हणतात, "महायुद्धातली स्नायपर रायफल म्हणजे थ्री नॉट थ्रीच, फक्त वर दुर्बीण." खरं का? मग वेगळी रायफल बनवायचीच कशाला?
– एक वाचक, मंगरूळपीर, जि. वाशीम

उत्तर : काकांचं बरोबर आहे, तेवढा 'फक्त' काढून टाका.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड नंबर ४ या .३०३ रायफलीतूनच स्नायपरची नंबर ४ (टी) तयार झाली. एकाच कारखान्यातल्या असल्या तरी सगळ्या रायफली सारख्या निघत नाहीत. एखादीची गोळी फाकते, एखादीची नेमकी बसते. चाचणीत नेमक्या ठरलेल्या तेवढ्या वेचून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे जात. १९४२पासून तिथे अशा २० हजारांहून जास्त रायफली तयार झाल्या.

तिथले कारागीर रायफलीच्या डाव्या अंगाला पोलादी बैठका बसवत आणि त्यांवर साडेतीन पट मोठं दाखवणारी दुर्बीण चढवत. दुर्बीण उंचावर आली की डोळाही वर न्यावा लागतो आणि गाल दस्त्यावरून सुटतो. गाल अधांतरी राहिला तर नेम हलणारच. म्हणून दस्त्यावर लाकडाचा उंचवटा स्क्रूने पक्का करत. नळीखालचं लाकूडही नीट बसवावं लागे, कारण दमट हवेत ते फुगलं की नळीवर दाब येतो आणि गोळी सरकते. शेवटी दुर्बिणीचा नंबर त्याच रायफलीच्या दस्त्यावर ठोकला जाई. एकीची दुर्बीण दुसरीवर चढवली, तर नेम पुन्हा पहिल्यापासून जुळवणं आलं.

जर्मनांनी आपल्या माउझरमधून आणि रशियनांनी मोसिन-नागांतमधून हेच केलं. अशा नेमबाजांची झळ मराठा पलटणीलाही बसली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले. तरी त्यांनी एकट्याने मशीनगनचा मोर्चा जिंकला आणि तिथेच शत्रूच्या स्नायपरच्या गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वेचून घेण्यालाही मर्यादा असते. पायदळाची रायफल दिवसभर खांद्यावर वागवायची, म्हणून तिची नळी हलकी ठेवतात आणि काडतूसही बेताचं असतं. लांबचा नेम धरायला जाड नळी आणि दमदार काडतूस लागतं. ब्रिटिशांनी १९७०च्या सुमारास याच नंबर ४ (टी)ला ७.६२ मिलिमीटरची जड नळी बसवून एल४२ केली आणि ती १९८२च्या फॉकलंड युद्धातही वापरली. पण पुढची रायफल त्यांनी मुळापासून स्नायपरसाठीच बनवलेली घेतली.

भारतीय सैन्यातली ड्रॅगुनोव्ह ही स्नायपर रायफलही अशीच; दिसायला कलाश्निकोव्हसारखी असली, तरी तिच्यातून बनवलेली नाही. रशियनांनी ती वेगळी आखून १९६३ साली स्वीकारली. तेव्हा काकांचा नियम थ्री नॉट थ्रीला लागू आहे, ड्रॅगुनोव्हला नाही.